तापमान आणि फळमाशीतील जनुकीय विविधता : कोल्हापुरात करता येण्याजोग्या अभ्यासाची सविस्तर पद्धत

तापमानाचा फळमाशीवर परिणाम होतो हे दाखवायला दोन आठवडे पुरतात. तापमानाचा फळमाश्यांच्या जनुकीय विविधतेवर परिणाम होतो हे दाखवायला मात्र वर्ष लागू शकते, आणि या दोन गोष्टींची गल्लत हाच या विषयावरील बहुतेक विद्यार्थी-प्रकल्पांचा मुख्य दोष असतो. १८ अंश सेल्सिअसला वाढवलेली ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर ही माशी २५ अंशांना वाढवलेल्या तिच्या सख्ख्या बहिणीपेक्षा आकाराने मोठी आणि पोटाच्या मागच्या भागावर अधिक काळपट निघते. दोघींचे आईबाप तेच असतात. फरक पडतो तो अळी आणि कोष या अवस्थांत मिळालेल्या तापमानामुळे, आणि पुढची पिढी २५ अंशांना वाढवली की तो नाहीसा होतो. याला लवचीकता म्हणतात. जनुकीय विविधता म्हणजे एखाद्या लोकसंख्येत एकाच जनुकाची किती रूपे, म्हणजे अ‍ॅलील, किती प्रमाणात आहेत याचा हिशोब. तापमानाने तो हिशोब बदलला का, हे पाहायचे असेल तर पुढील सगळी पद्धत लवचीकता आणि योगायोग या दोन गोष्टी बाजूला काढण्यासाठी आहे, हे सतत ध्यानात ठेवावे. महाविद्यालयातील प्राणिशास्त्र विभाग किंवा पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा छोटा गट डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे.

प्रश्न आधी नेमका करावा

तापमान जनुकीय विविधतेपर्यंत अनेक वाटांनी पोहोचते. सर्वांत ओळखीची वाट नैसर्गिक निवडीची : उष्णतेत काही अ‍ॅलील असलेल्या माश्यांना अधिक संतती होते आणि त्या अ‍ॅलीलचे प्रमाण वाढते. दुसरी वाट लोकसंख्येच्या आकाराची. कोरड्या उन्हाळ्यात माश्यांची संख्या घटली, तर उरलेल्या थोड्या माश्यांमध्ये कोणती रूपे टिकली हे बरेचसे नशिबावर ठरते. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. तिसरी वाट पुनर्संयोगाची, म्हणजे जोडीतील दोन गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची अदलाबदल होण्याची. हॅरॉल्ड प्लाउ यांनी १९१७ साली दाखवले की मादीच्या दुसऱ्या गुणसूत्रावरील काही जनुकांमधला पुनर्संयोग मध्यम तापमानाला सर्वांत कमी असतो आणि त्याहून थंड किंवा उष्ण तापमानाला वाढतो. मेलॅनोगॅस्टरच्या नरात पुनर्संयोग होतच नाही, त्यामुळे हा परिणाम केवळ मादीमार्फत घडतो. चौथी वाट उत्परिवर्तनाची, म्हणजे जनुकात नव्याने होणाऱ्या बदलाची. तापमानानुसार उत्परिवर्तनाचा वेग बदलतो हे हर्मन म्युलर यांनी १९२८ साली मांडले होते, परंतु वीस-पंचवीस पिढ्यांच्या प्रयोगात ही वाट इतकी अरुंद असते की तिच्याकडे दुर्लक्ष केले तरी चालते.

पाचवी वाट सर्वांत कुतूहलाची आहे. काही जनुकीय फरक लोकसंख्येत दडलेले असतात आणि नेहमीच्या तापमानाला शरीरावर दिसत नाहीत. कॉनराड वॅडिंग्टन यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कोषांना ४० अंशांचा चार तास झटका दिला, तेव्हा काही माश्यांच्या पंखांतील आडवी शीर नाहीशी झाली. अशा माश्या निवडून त्यांची पैदास करत गेल्यावर पुढे झटका न देताही तसे पंख दिसू लागले. सुझन लिंडक्विस्ट आणि सुझन रदरफोर्ड यांनी १९९८ साली दाखवले की पेशीतील एचएसपी-९० या प्रथिनाचे काम कमी पडले की असे दडलेले फरक शरीरावर उमटू लागतात. म्हणजे तापमान विविधता घटवते किंवा वाढवते एवढेच नाही, असलेली विविधता ते निवडीपुढे उघडीही करते.

या पाचांपैकी आपण कोणती वाट तपासणार, हे पहिल्याच दिवशी वहीत एका वाक्यात लिहावे. माझ्या मते महाविद्यालयीन सोयींमध्ये निवड आणि ड्रिफ्ट या दोनच वाटा समाधानकारकपणे तपासता येतात, आणि पुढील पायऱ्या त्यांनाच धरून आहेत.

माशी कोणती, आणि कोठून आणावी

कोल्हापूर परिसरात शेतकरी ज्या फळमाशीमुळे आंबा आणि पेरू गमावतो ती बॅक्ट्रोसेरा, वेगळ्या कुळातील मोठी माशी. तिच्यासाठी मिळणारे मिथाइल युजेनॉलचे सापळे आपल्या उपयोगाचे नाहीत. आपल्याला हवी आहेत पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी, दोन-तीन मिलिमीटर लांबीची चिलटे. सापळा करण्यासाठी रुंद तोंडाच्या बाटलीत जास्त पिकलेले केळे कुस्करून त्यावर चिमूटभर बेकरीचे यीस्ट टाकावे, तोंडावर कागदाचा शंकू उलटा बसवावा आणि बाटली सावलीत टांगावी. दोरीला पेट्रोलियम जेली फासली नाही तर पहिल्या रात्रीच मुंग्या सापळा ताब्यात घेतात. या माश्यांची हालचाल सकाळी लवकर आणि सूर्यास्ताच्या सुमारास जास्त असते, म्हणून सापळे त्या वेळांना तपासावेत.

जागा निवडताना मोह होतो तो उंचीच्या तुलनेचा. पन्हाळा शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर आणि साधारण चारशे मीटर अधिक उंचीवर आहे, त्यामुळे तेथे सरासरी दोन-अडीच अंश कमी तापमान अपेक्षित आहे. तुलना आकर्षक असली तरी मी तिच्यावर भिस्त ठेवणार नाही. फळांच्या क्रेटमधून या माश्या रोज घाट चढतात-उतरतात, आणि अशा ये-जा असलेल्या दोन लोकसंख्यांमध्ये टिकून राहील एवढा जनुकीय फरक दोन अंशांनी पडेल, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. त्यापेक्षा एकाच जागेची ऋतूंनुसार तुलना करावी. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तापमान १५ अंशांच्या आसपास उतरते, एप्रिलच्या दुपारी ते ३७-३८ अंशांपर्यंत चढते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दिवस-रात्रीतील अंतर अगदी कमी होऊन हवा दमट राहते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातील एका फळबागेत केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेलॅनोगॅस्टरच्या जनुकसंचातील शेकडो ठिकाणी अ‍ॅलीलचे प्रमाण ऋतूंबरोबर वर-खाली होताना आढळले होते, त्यामुळे ऋतूंची तुलना निष्फळ ठरण्याची भीती तुलनेने कमी आहे.

जागेच्या बाबतीत कोल्हापूरची म्हणून एक खास अडचण आहे. गुऱ्हाळांच्या आसपास चिलटे विपुल मिळतात आणि सापळा न लावताही काम होते; परंतु आंबलेला रस, मळी आणि चिपाडे यांच्यामुळे तेथील अळ्या अल्कोहोल असलेल्या अन्नात वाढतात. मेलॅनोगॅस्टरमध्ये अल्कोहोल पचवणाऱ्या एडीएच या विकराची दोन रूपे असतात. त्यांतील 'एफ' रूप अधिक सक्रिय असते आणि अल्कोहोल सोसण्याशी जोडलेले आहे, तर 'एस' रूप उष्णतेत अधिक टिकाऊ असते. प्रथिनाच्या १९२व्या स्थानावर एकात थ्रिओनिन आणि दुसऱ्यात लायसिन, एवढाच त्यांच्यातील ठरावीक फरक. हंगामात गुऱ्हाळावर आणि उन्हाळ्यात घरामागच्या पेरूखाली माश्या गोळा केल्या, तर एडीएचमधला फरक उष्णतेचा की दारूचा, हे नंतर कोणालाही सांगता येणार नाही. म्हणून वर्षभर एकाच प्रकारचे अन्न उपलब्ध असलेली जागा घ्यावी. बाजार समितीच्या आवारात किंवा लक्ष्मीपुरीसारख्या बाजारपेठेत केळी बारा महिने असतात, म्हणून फळांच्या गाळ्यामागची जागा गुऱ्हाळापेक्षा बरी.

ओळख पटवणे आणि एकमादी वंश सुरू करणे

सापळ्यात एकाच जातीच्या माश्या क्वचितच येतात. डोके आणि छातीवर पांढरे लांब पट्टे दिसले तर ती झाप्रिओनस इंडिॲनस. ती वेगळी काढावी. मेलॅनोगॅस्टरच्या नराचे पोट मागच्या बाजूला काळे असते आणि पुढच्या पायाच्या पहिल्या पाऊलखंडावर काळ्या दात्यांची एकच ओळ, म्हणजे लिंगकंगवा, भिंगातून स्पष्ट दिसतो. ड्रोसोफिला अ‍ॅनानासीच्या नरात पोटाचे टोक काळे नसते आणि कंगव्याच्या दात्यांच्या अनेक आडव्या ओळी असतात. माद्या ओळखणे कठीण असते, म्हणून प्रत्येक मादी स्वतंत्र कुपीत ठेवून तिची नर संतती पाहून जात ठरवावी.

निसर्गात पकडलेली मादी बहुधा आधीच समागम झालेली असते आणि शुक्राणू साठवून ठेवते, त्यामुळे ती एकटीच वंश सुरू करू शकते. अशा प्रत्येक मादीच्या संततीला एकमादी वंश म्हणावे आणि कुपीवर जागा, तारीख व क्रमांक लिहावा. ऋतूमागे किमान ३० वंश मोजमापांसाठी हवेत. गुणसूत्रे पाहण्याची पुढील पायरी करायची असेल तर ६० माद्या गोळा कराव्यात. पाच-सहा माद्यांवर उभे केलेले काम लोकसंख्येविषयी काहीच सांगत नाही, ते त्या पाच-सहा माद्यांविषयी सांगते.

खाद्य

भारतातील अनेक प्रयोगशाळांत गव्हाचा रवा आणि गूळ यांचे खाद्य वापरले जाते आणि कोल्हापुरात ते करणे सर्वांत सोयीचे. एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम रवा, १०० ग्रॅम गूळ आणि ८ ते १० ग्रॅम अगर घ्यावे. पाण्यात अगर विरघळवून गूळ घालावा, मग रवा हळूहळू सोडत, गुठळ्या होऊ न देता शिजवावे, आणि मिश्रण साठ अंशांच्या खाली आल्यावर बुरशी रोखण्यासाठी साडेसात मिलिलिटर प्रोपिऑनिक आम्ल मिसळून कुप्यांमध्ये ओतावे. आम्ल उकळत्या मिश्रणात टाकले तर वाफेबरोबर निघून जाते, आणि पावसाळ्यात तिसऱ्याच दिवशी हिरवी बुरशी धरते. कुपी पूर्ण गार होऊन आतील भिंतीवरचे दव सुकल्यानंतरच कापसाचा बोळा बसवावा.

गुळाबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. बाजारातील पिवळाधमक गूळ बहुतेक वेळा हायड्रॉस पावडर टाकून उजळलेला असतो, आणि गडद तपकिरी गुळात ती बहुधा नसते. अळ्यांची वाढ दोन्हींवर सारखीच होईल असे गृहीत धरू नये. संपूर्ण प्रयोगाला पुरेल इतका गूळ एकाच गुऱ्हाळातून, एकाच काहिलीचा घेऊन, बारीक करून हवाबंद डब्यात ठेवावा. अन्न बदलले की तापमानाचा प्रयोग नकळत अन्नाचा प्रयोग होतो.

तापमानाची व्यवस्था

१८, २५ आणि २८ अंश ही तीन तापमाने पुरेशी आहेत. २५ अंशांना अंड्यापासून प्रौढ माशी होण्यास सुमारे १० दिवस लागतात, १८ अंशांना जवळपास दुप्पट. ३० अंशांच्या वरची पातळी निवडू नये, कारण तेथे मेलॅनोगॅस्टरचे नर वंध्य होऊ लागतात आणि पुढची पिढीच मिळत नाही. १८ अंशांसाठी बीओडी इन्क्युबेटर, म्हणजे खोलीपेक्षा थंड तापमानही स्थिर राखणारे कपाट, लागतेच. २८ अंशांसाठी थर्मोकोलचा खोका, तापमान नियंत्रक आणि कमी वॅटचा दिवा एवढ्यावर भागते, मात्र दिव्याचा उजेड कुप्यांवर पडू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याचा पडदा लावावा आणि सर्व तापमानांना बारा तास उजेड व बारा तास अंधार सारखाच ठेवावा.

कपाटाच्या दारावरील आकडा आणि अळीला मिळणारे तापमान एकच असते असे समजू नये. अळ्यांच्या दाटीने खाद्य आंबते आणि कुपीच्या आतील तापमान बाहेरच्यापेक्षा वाढू शकते. शिवाय वरचा आणि खालचा कप्पा यांत फरक पडतो. खाद्य भरलेल्या, माश्या नसलेल्या एका कुपीत तापमापकाचे टोक रोवून प्रत्येक कप्प्यावर ती आळीपाळीने ठेवावी आणि सकाळ-संध्याकाळ नोंद करावी. कुप्यांच्या जागाही दर दोन दिवसांनी बदलाव्यात. वीज गेली तर कधी गेली, कधी आली आणि आतील तापमान कुठवर चढले-उतरले, हे त्याच नोंदवहीत लिहावे. अशी नोंद नसलेल्या प्रयोगातील एखादा विचित्र आकडा पुढे कोणालाच समजत नाही.

दोन पिढ्या समान वातावरणात

ही पायरी गाळली तर बाकी सगळे व्यर्थ आहे. एप्रिलमध्ये आणि जानेवारीत पकडलेल्या माश्यांची थेट तुलना केली, तर जानेवारीच्या माश्या मोठ्या आणि काळपट दिसतील, आणि त्यावरून जनुकीय फरकाविषयी काहीही सिद्ध होणार नाही. प्रत्येक वंश पकडल्यानंतर पूर्ण दोन पिढ्या २५ अंशांना वाढवावा आणि तिसऱ्या पिढीत मोजमाप करावे. पहिली पिढी स्वतःच्या वाढीतील परिणाम पुसते. दुसरी पिढी आईच्या शरीरातून अंड्यात आलेला परिणाम पुसते, कारण आईला मिळालेल्या तापमानाचा प्रभाव अंड्यातील साठ्यावर आणि संततीच्या सहनशक्तीवर पडू शकतो.

या पिढ्यांत दाटी समान ठेवणे तितकेच महत्त्वाचे आहे. प्रत्येक कुपीत ५० अंडी मोजून ठेवावीत. यासाठी माद्यांना खाद्याच्या पातळ चकतीवर काही तास अंडी घालू द्यावीत आणि बारीक कुंचल्याने, दोन तंतू असलेली पांढरी अंडी भिंगाखाली मोजून उचलावीत. काम डोळ्यांना शिणवणारे आहे, परंतु दाटीमुळे माश्या लहान होतात आणि तो परिणाम तापमानाच्या परिणामाहून सहज मोठा असू शकतो.

काय मोजावे

मोजमापासाठी तिसऱ्या पिढीची अंडी तीन भागांत विभागून १८, २५ आणि २८ अंशांना वाढवावीत. पंखाची लांबी हे मोजण्यास सर्वांत सोपे लक्षण : उजवा पंख काढून काचपट्टीवर ग्लिसरिनच्या थेंबात बसवावा आणि सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेतील मोजपट्टीने ठरावीक दोन शिरांच्या छेदबिंदूंमधील अंतर घ्यावे. नर आणि माद्या वेगळ्या मोजाव्यात. पोटावरील काळपटपणासाठी शून्य ते दहा अशी श्रेणी ठरवून, नमुना कोणत्या ऋतूचा आहे हे माहीत नसलेल्या सहकाऱ्याकडून गुण द्यायला सांगावेत.

सहनशक्ती मोजायची असेल तर थंडीसाठी माश्या रिकाम्या कुपीत घालून ती कुपी बर्फ आणि पाण्याच्या मिश्रणात चार तास ठेवावी, नंतर २५ अंशांना काढून प्रत्येक माशी पायांवर उभी राहीपर्यंतचा वेळ लिहावा. उष्णतेसाठी बंद कुपी ३८ अंशांच्या पाण्यात बुडवून माशी कोसळेपर्यंतचा वेळ घ्यावा. येथे एक काळजी आवश्यक आहे. नर-मादी वेगळे करताना माश्यांना बर्फावर गार करून बेशुद्ध केले असेल, तर त्यांची थंडीची चाचणी आधीच बिघडली आहे असे समजावे. इथर वापरले तरी त्यानंतर दोन दिवस विश्रांती द्यावी, आणि इथर पेटते असल्याने दिवा वा शेगडीजवळ ते कधीही उघडू नये.

आकड्यांतून जनुकीय वाटा वेगळा काढणे

एका वंशातील माश्या एकमेकींच्या नात्यातील असतात. म्हणून वंशावंशांमधील फरक वंशांतर्गत फरकापेक्षा जितका मोठा, तितका जनुकांचा वाटा अधिक. प्रत्येक वंशातून सारख्या संख्येने, समजा १०, माश्या मोजाव्यात आणि प्रत्येक तापमानासाठी प्रचरणाचे विश्लेषण, म्हणजे एनोव्हा, स्वतंत्र करावे. त्यातून दोन वर्गमध्य, म्हणजे फरकाची दोन मापे, मिळतात : वंशांमधला आणि वंशांतर्गत. समजा वंशांमधला ९० आणि वंशांतर्गत १० आला. मग ९० मधून १० वजा करून ८० मिळतात. छेदासाठी ९० मध्ये नऊ गुणिले १०, म्हणजे ९०, मिळवून १८० येतात. आणि ८० भागिले १८० म्हणजे ०.४४ हा अंतर्गत सहसंबंध येतो. हाच आकडा १८ आणि २८ अंशांसाठी काढून शेजारी मांडला की कोणत्या तापमानाला जनुकीय फरक अधिक उघडे पडतात ते दिसते. सोयीच्या तापमानापेक्षा टोकाच्या तापमानाला तो वाढला, तर दडलेली विविधता बाहेर येत असल्याचा संशय घेण्यास जागा आहे.

त्यानंतर आलेख काढावा : आडव्या अक्षावर तीन तापमाने, उभ्या अक्षावर पंखाची लांबी, आणि प्रत्येक वंशासाठी एक रेषा. सर्व रेषा समांतर उतरत असतील तर वंश एकाच रीतीने प्रतिसाद देत आहेत. रेषा एकमेकींना छेदत असतील, म्हणजे १८ अंशांना सर्वांत मोठा असलेला वंश २८ अंशांना मागे पडत असेल, तर लवचीकतेतच जनुकीय फरक आहे. बदलत्या हवामानात लोकसंख्या कशी वागेल या दृष्टीने हा छेद कोणत्याही सरासरीपेक्षा बोलका असतो, आणि तरी अहवालांमध्ये बहुधा सरासरीच छापलेली दिसते.

गुणसूत्रांतील उलटे खंड पाहणे

जनुकसंच वाचण्याची सोय नसलेल्या विभागासाठी ही पायरी सर्वांत फलदायी आहे, कारण येथे शरीराचे लक्षण आड येत नाही. विविधता सूक्ष्मदर्शकातून थेट दिसते. काही गुणसूत्रांवर एखादा खंड तुटून उलटा जोडला गेलेला असतो, त्याला इन्व्हर्जन म्हणतात. मेलॅनोगॅस्टरमधील तिसऱ्या गुणसूत्राच्या उजव्या भुजेवरील पेन नावाचा असा खंड उष्ण प्रदेशात अधिक आणि विषुववृत्तापासून दूर जावे तसा कमी आढळतो. अ‍ॅनानासीमध्ये अल्फा, डेल्टा आणि ईटा हे तीन खंड जगभर पसरलेले असून भारतातील लोकसंख्यांमध्ये त्यांचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. त्यामुळे आपल्या सापळ्यात अ‍ॅनानासी अधिक येत असेल तर निराश होण्याचे कारण नाही. तिच्या नरांतही पुनर्संयोग होतो, एवढे मात्र मेलॅनोगॅस्टरचे निष्कर्ष तिला लावताना विसरू नये.

प्रत्येक रानमादीच्या पहिल्याच पिढीतील एकच अळी घ्यावी. एकाच मादीच्या दहा अळ्या मोजल्या तर त्या दहा स्वतंत्र नोंदी होत नाहीत. अळ्या १८ अंशांना, विरळ आणि वर यीस्टचा थर दिलेल्या खाद्यावर वाढवाव्यात, म्हणजे गुणसूत्रे जाड आणि स्पष्ट येतात. खाणे सोडून कुपीच्या भिंतीवर चढू लागलेली तिसऱ्या टप्प्यातील अळी उचलून ०.७ टक्के मिठाच्या पाण्याच्या थेंबात ठेवावी. एका सुईने तिचे अंग मध्यभागी दाबून धरावे, दुसरी सुई काळ्या मुखांकुशांच्या, म्हणजे तोंडातील आकड्यांच्या, लगेच मागे टेकवावी आणि एकाच सरळ ओढीने डोके वेगळे करावे. डोक्याबरोबर दोन पारदर्शक, लांबट लाळग्रंथी बाहेर येतात आणि त्यांना अपारदर्शक पांढरी चरबी चिकटलेली असते. ती चरबी जेवढी स्वच्छ काढाल तेवढे चित्र स्वच्छ येईल. ग्रंथी अ‍ॅसिटो-ऑर्सिन या रंगद्रव्याच्या थेंबात पंधरा-वीस मिनिटे ठेवाव्यात, ४५ टक्के अ‍ॅसेटिक आम्लाच्या थेंबात हलवाव्यात, वर काचझाकण ठेवून टिपकागदातून अंगठ्याने सरळ खाली दाब द्यावा. अंगठा बाजूला सरकला तर गुणसूत्रे गुंडाळली जातात आणि ती काचपट्टी टाकून द्यावी लागते.

मध्यवर्ती गाठीपासून निघालेल्या पाच लांब भुजा आणि काळे-पांढरे पट्टे दिसले की एकेका भुजेवरून नजर फिरवावी. जोडीतील एक गुणसूत्र सरळ आणि दुसरे उलट्या खंडाचे असेल तर पट्टे एकमेकांसमोर यावेत म्हणून ती दोन्ही वळून फास तयार करतात. हा फास म्हणजे विषमयुग्मजी अळी. दोन्ही गुणसूत्रे उलटी असतील तर फास होत नाही आणि पट्ट्यांचा क्रम नकाशाशी ताडूनच ते कळते, म्हणून प्रमाणित नकाशा शेजारी असल्याशिवाय मोजणी सुरू करू नये.

समजा ६० अळ्यांपैकी २४ विषमयुग्मजी आणि ६ दोन्ही उलट्या खंडांच्या निघाल्या. एकूण १२० गुणसूत्रांपैकी उलटी २४ अधिक १२, म्हणजे ३६, प्रमाण ०.३०. निवड किंवा ड्रिफ्ट नसताना काय प्रमाण अपेक्षित आहे हे सांगणाऱ्या हार्डी-वाइनबर्ग सूत्रानुसार विषमयुग्मजींचे अपेक्षित प्रमाण दोन गुणिले ०.३० गुणिले ०.७०, म्हणजे ०.४२, प्रत्यक्ष ०.४०. या ०.३० ची प्रमाणित त्रुटी, म्हणजे नमुना लहान असल्याने योगायोगाने पडू शकणाऱ्या फरकाचे माप, सुमारे ०.०४ येते. म्हणून पुढच्या ऋतूत ०.३६ मिळाले तर बदल झाला असे म्हणता येत नाही, ०.५० मिळाले तर म्हणता येते, आणि तरीही दुसऱ्या वर्षी तेच पुन्हा पाहिल्याशिवाय त्याला ऋतूचा परिणाम म्हणू नये.

पिंजऱ्यातील उत्क्रांती

निसर्गातील फरकाचे कारण तापमानच आहे हे ठरवायचे तर लोकसंख्या प्रयोगशाळेत वेगवेगळ्या तापमानांना ठेवून पाहावी लागते. सेवॉल राइट आणि थिओडोसियस डोब्झान्स्की यांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ड्रोसोफिला स्यूडोऑब्स्क्युराच्या लोकसंख्या पिंजऱ्यात वाढवल्या, तेव्हा २५ अंशांना उलट्या खंडांचे प्रमाण बदलत जाऊन समतोलाला पोहोचले, तर सुमारे १६ अंशांना लक्षणीय बदल झाला नाही. त्या समतोलात दोन्ही प्रकार टिकून राहिले, कारण विषमयुग्मजी माश्या सरस ठरत होत्या. उष्णता म्हणजे विविधतेचा नाश, हे समीकरण त्यामुळे उतावळे ठरते.

आपल्या प्रयोगासाठी सर्व वंशांतून सारख्या माश्या एकत्र करून एक मूळ लोकसंख्या करावी, तिला काही पिढ्या २५ अंशांना मिसळू द्यावे, आणि मग तिच्यातून प्रत्येक तापमानासाठी चार पिंजरे भरावेत. चार का, तर ड्रिफ्टमुळे. प्रजननक्षम माश्यांची परिणामी संख्या, म्हणजे पुढच्या पिढीला खरोखर जनुके देणाऱ्यांची संख्या, १० असेल तर दर पिढीला विषमयुग्मजतेचा विसावा भाग जातो आणि २० पिढ्यांनंतर सुमारे ३६ टक्केच उरते. ती ५० असेल तर सुमारे ८२ टक्के उरते. एकाच पिंजऱ्यात एखादे अ‍ॅलील वाढले तर ते नशीब असू शकते. चारही उष्ण पिंजऱ्यांत ते एकाच दिशेने सरकले आणि २५ अंशांच्या चारही पिंजऱ्यांत सरकले नाही, तर निवड झाली असे म्हणण्यास आधार मिळतो. पिंजऱ्यात पाचशेच्या आसपास प्रौढ माश्या असाव्यात, कारण परिणामी संख्या डोकी मोजून येणाऱ्या संख्येपेक्षा नेहमी बरीच कमी असते.

तुलना पिढ्यांनुसार करावी, दिनदर्शिकेनुसार नव्हे. २५ अंशांना दोन आठवड्यांचे चक्र धरले तर २० पिढ्यांना सुमारे नऊ महिने लागतात. १८ अंशांना त्याच पिढ्यांना सव्वा वर्षाहून अधिक काळ जातो. शैक्षणिक वर्षात बसवायचे असेल तर १८ अंशांचे पिंजरे वगळून २५ आणि २८ यांचीच तुलना करावी. चक्राची लांबी ठरवताना उशिरा बाहेर पडणाऱ्या माश्यांनाही पुरेसा वेळ द्यावा. पहिल्या येणाऱ्या माश्या घेऊन बाकीच्या टाकल्या तर आपण नकळत जलद वाढीची निवड करत असतो, आणि शेवटी मिळालेला बदल उष्णतेचा समजून बसतो. वीस पिढ्यांनंतर सर्व पिंजऱ्यांतील माश्या पुन्हा दोन पिढ्या २५ अंशांना वाढवून मगच मोजाव्यात, नियम तोच.

निकाल कसा वाचावा

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर एडीएचच्या रूपांचे प्रमाण अक्षांशानुसार क्रमाने बदलते, आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा सगळा क्रम सुमारे वीस वर्षांत चार अक्षांशांइतका सरकलेला आढळला. ड्रोसोफिला सबऑब्स्क्युरावरील २००६ च्या अभ्यासात तीन भूखंडांतील २६ ठिकाणांची जुनी आणि नवी मोजणी ताडली गेली. हवामान तापलेल्या २२ ठिकाणांपैकी २१ ठिकाणी उष्ण प्रदेशाशी जोडलेले गुणसूत्रप्रकार वाढले होते. या निष्कर्षांचे बळ आहे ते एकच दिशा अनेक स्वतंत्र जागी दिसण्यात. एका शहरातील एका गाळ्यामागच्या माश्यांवरून तसा दावा करता येणार नाही. आपल्याला करता येईल तो दावा मर्यादित पण भक्कम असावा : या जागेच्या लोकसंख्येत या लक्षणातील जनुकीय वाटा या तापमानाला एवढा आहे, या ऋतूंमध्ये या खंडाचे प्रमाण एवढ्या त्रुटीसह एवढे आहे, आणि पिंजऱ्यांपैकी इतक्यांत बदल एका दिशेने झाला.

फरक न मिळणे हाही निकाल आहे, परंतु तो लिहिताना नमुन्याचा आकार पाहता किती मोठा फरक आपल्या नजरेतून निसटू शकला असता, तेही द्यावे. उन्हाळ्यानंतर विविधता घटलेली दिसली तर लगेच निवडीचे नाव घेऊ नये. सापळ्यामागे किती माश्या मिळाल्या याची नोंद एप्रिल-मेसाठी काढून पाहावी, कारण संख्या कोसळली असेल तर ड्रिफ्ट हेच साधे उत्तर पुरते. निवड असेल तर ठरावीक खंड किंवा ठरावीक अ‍ॅलील दर वर्षी त्याच दिशेने सरकेल. ड्रिफ्ट असेल तर दिशा दर वर्षी वेगळी असेल. म्हणून दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यासाठी मूळ वंशांपैकी निम्मे तरी १८ अंशांना, महिन्याला एकदा नवीन खाद्यावर बदलत जिवंत ठेवावेत. उरलेल्या कुप्या फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवून मगच साबणाच्या पाण्यात रिकाम्या कराव्यात. पिंजऱ्यातील माश्या खिडकीतून सोडून देऊ नयेत, नाहीतर पुढच्या ऋतूत सापळ्यात येणाऱ्या माश्यांत आपल्याच प्रयोगाची संतती मिसळलेली असेल.